पाहुण्यांना पाणी

आमचा धंदा फुलांचा, पण घरात वास यायचा तो ओल्या गोणपाटाचा. फुलं रात्रभर त्यात गुंडाळून ठेवायची, माठाच्या शेजारी, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला त्या कोपऱ्याची किंमत कळेल. तिथं निजायचा मान शेवंतीचा आणि झेंडूचा. माय, माझी थोरली बहीण सुमन आणि मी अशा आम्ही तिघी तापलेल्या भिंतीला पाठ लावून पडायचो. मी कुरकुर केली की माय म्हणायची, "फुलाले झोप नाई लागली तं सकाळी देवाले तोंड कसं दाखवन थे? तुह्यं तोंड कोन पाहून राह्यलं?" माझ्या तोंडाबद्दल मायचं मत पुढंही फारसं बदललं नाही. उजाडायच्या आत ती फुलं सोडायची, पाणी शिंपडायची आणि केळीच्या दोरात हार ओवायला बसायची. ऊन वर यायच्या आत देवळासमोरच्या पायरीवर टोपली पोचली पाहिजे, कारण दुपारी बाराचा झेंडू कोणी फुकटही नेत नाही.

जुन्या शहरातली आमची गल्ली मोर्णेच्या काठाला लागून होती. पहाटे आधी अजान व्हायची, मग देवळातली घंटा, आणि या दोन्हींच्या मध्ये जुलेखाखालाच्या म्हशी. खाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिच्या नवऱ्याचा दुधाचा धंदा होता, त्यामुळे गल्लीत श्रीमंत म्हणायचं तर तेच घर. बादल्यांचा खणखणाट, म्हशींना घातलेल्या शिव्या आणि मग आमच्या भिंतीवर तीन थापा. थापा पडल्या की सुमननं वाटी घेऊन जायचं. वाटीत कधी दूध असायचं, कधी नुसती साय. माय त्याच्या बदल्यात खालाच्या पोरींना गजरे द्यायची. हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून तो कधी बिघडलाही नाही.

बाबा गेले तेव्हा मी लहान होते. ते जिनिंगमध्ये होते, कापसाची धूळ छातीत बसली आणि शेवटचे काही महिने ते अंथरुणालाच होते. मला आठवतो तो त्यांचा खोकला, आणि त्यांच्या उशाशी बसलेली सुमन. ती तेव्हाच जी मोठी झाली ती झाली. सरकारी दवाखान्यात नर्सा काय करतात ते ती टक लावून पाहायची आणि घरी येऊन तसंच करायची. पुढं गल्लीत कोणाचा गुडघा फुटला, कोणाला चटका बसला की पोरं थेट आमच्या दारात यायची. मला ती पेशंट करायची. पांढरी ओढणी डोक्यावर घडी घालून बांधायची, माझं मनगट धरायची, आणि घरात घड्याळ नसल्यामुळे स्वतःच्या मनात आकडे मोजत समोरच्या भिंतीकडे पाहायची. मी हसले की चापट. मी चाळीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहिल्या, पण नाडी धरताना इतकं गंभीर तोंड मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही.

सुमन मॅट्रिक झाली. आमच्या खानदानात तोवर कोणी शाळेची शेवटची पायरी पाहिली नव्हती. शाळेच्या हेडबाई एक दिवस संध्याकाळी स्वतः आमच्या घरी आल्या, गोणपाट बाजूला सारून जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, की नदीपलीकडे एक संस्था आहे, भल्या लोकांनी काढलेली. ते गरीब घरातलं एक लेकरू निवडतात, त्याचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं करतात. लेकरू कमवायला लागलं की घर आपोआप वर येतं, असं त्यांचं म्हणणं. सुमनला अमरावतीला नर्सिंगला जागा मिळेल एवढे मार्क होते. अडलं होतं ते फक्त वसतिगृह, फी, गणवेश, असल्या गोष्टींपाशी. "ते घर पाहायला येतील, गिरजाबाई," हेडबाई मायला म्हणाल्या. "आहे तसं दाखवा म्हणजे झालं." माय मान डोलावत होती, आणि सुमन माझा हात इतका घट्ट दाबून बसली होती की माझी बोटं पांढरी पडली.

हेडबाई गल्लीच्या बाहेर पडल्या आणि माय हसायला लागली. "हाये तसं दाखवा म्हनते! पोरीले पाहाले पाहुने आले तं कोनी हाये तसं दाखवते का व?" मायनं आयुष्यात पाहणी म्हणून जी पाहिली होती ती एवढीच. पाहुणे येतात, घर पाहतात, माणसं पाहतात आणि मग हात पुढं करायचा की नाही ते ठरवतात. पडक्या घराला कोण सोयरीक देतो? आणि सोयरीक देत नाही तर मदत तरी कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा धर्म होता आणि गल्लीचाही तोच. जुलेखाखालानं तर निकालच दिला. "गिरजा, गिरे हुए कू कौन उठाता? जो उठने के लायक दिखता, उसकूच हात देते लोगां. मेरा पंखा लेके जा तू." आज कोणी यावर हसेल. हसू नये. जगानं त्या दोघींना जे शिकवलं होतं त्यावरूनच त्या बोलत होत्या, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी आमच्या घरात वस्तूंची नुसती जत्रा भरली. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दोन खुर्च्या आल्या. कुठून तरी पलंगपोस आला आणि आमच्या ट्रंकेवर पसरला, तेव्हा ट्रंक ओळखू येईना. भिंतीतून ओल यायची तिथं कॅलेंडर लागलं. खालानं सोनेरी काठाच्या कपबश्या पाठवल्या आणि स्वतः पदराखाली धरून टेबलफॅन आणला. बल्बच्या तारेतूनच काहीतरी जोडाजोड करून तो सुरू झाला, आणि मी त्याच्यासमोर जी बसले ती उठेचना. त्याआधी वारा आपण होऊन येतो तेव्हाच यायचा. गोणपाटं मागच्या बोळात गेली, दाराला झेंडूचं तोरण लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराला फुलांचा वास आला. सुमन हसून म्हणाली, "माय, हे घर मस्त हाये व. इथीच राहू आपन."

आणि मांडे! मायनं मांडे केले. मांडे म्हणजे पुरणपोळीची थोरली बहीण, रुमालासारखी पातळ आणि हाताच्या कोपरापर्यंत मोठी. कणीक अशी तिंबायची की ती हातावरच वाढवता आली पाहिजे, आणि मग ती पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. लग्नाकार्यात मायला लोक मुद्दाम बोलावून न्यायचे या कामाला. त्या दिवशी ती दोन्ही हातांवर मांडा झुलवत होती तेव्हा तिच्या तोंडावर जी मग्रुरी होती ती मी नंतर कधी पाहिली नाही. गहू एका घरचे, डाळ दुसऱ्या घरची, आणि तूप खालाच्या म्हशींचं. पाहुण्यांमध्ये सोवळं पाळणारं कोणी असतं तर त्याला काय वाटलं असतं, या विचारानं सुमनला आणि मला राहून राहून हसू फुटत होतं.

आले ते दोघं. संस्थेचे सेक्रेटरीसाहेब, जाडजूड, सतत रुमालानं मान पुसणारे, आणि जाड चष्म्याच्या एक बाई. माणसं वाईट नव्हती, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. साहेब पंख्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सुखाचा श्वास सोडला. बाईंनी मांड्याचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मग त्यांनी सुमनला जवळ बसवून विचारलं, "नर्सच का व्हायचंय तुला?"

सुमननं घोकून ठेवलेलं सेवेबिवेचं उत्तर बाजूला ठेवलं. "बाबाले सारखं कुशीवर वळवा लागते, हे आमाले कोनी सांगतलंच नाई," ती म्हणाली. "एकाच अंगावर पडून त्यायच्या पाठीले जखमा झाल्या. एका सिस्टरनं मंग सांगतलं, पन तवा उशीर झालता. मले जर आधी मालूम असतं तं मी रातभर जागली असती जी." बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या क्षणी सुमनचं काम झालं होतं, असं मला आजही वाटतं. सगळं तिथंच थांबायला हवं होतं.

साहेब मान पंख्याकडे वळवून म्हणाले, "पंखा छान आहे. नवीन घेतला का?" विचारण्यात काही डाव नव्हता, गार वाटलं म्हणून विचारलं. माय दारात उभी. तिच्यामागं पडद्याआड खाला, कौतुकानं सगळं पाहत असलेली. माझी माय एका क्षणात म्हणाली, "हो जी. घरचाच हाये. गर्मी लय होते ना." मग बाईंनी खुर्च्यांकडे नुसतं पाहिलं, तर माय आपण होऊन म्हणाली, "थ्याबी घरच्याच." आणि तिला कोणी थांबवायला नव्हतं म्हणून ती आणखी पुढं गेली. "तूपबी घरचंच हाये बाईसाहेब, घ्या ना, असं काहून करता?" सुमननं मायकडे पाहिलं, तिचे ओठ हलले. मायनं डोळे वटारले आणि सुमन गप्प बसली. पाहुण्यांसमोर आईला खोटं पाडायचं नसतं, हे तिला मायनंच शिकवलं होतं. निघताना साहेब म्हणाले, "फार व्यवस्थित घर आहे हो तुमचं." तो 'व्यवस्थित' शब्द माय आठवडाभर गल्लीत मिरवत होती.

मग हेडबाईंनी मायला शाळेत बोलावलं. मी सोबत गेले. बाईंनी फार सांभाळून सांगितलं, की संस्थेनं दुसरं घर निवडलंय, आपल्यापेक्षा जास्त अडलेलं. पंखा आहे, खुर्च्या आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, यांचं निभेल, असं त्यांचं मत पडलं. मायला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "पन बाई, पंखा तं जुलेखाचा हाये." हेडबाईंनी कपाळावर हात मारला.

आम्ही तशाच पूल ओलांडून संस्थेच्या कचेरीत गेलो. फुलांच्या टोपलीचा ओला वळ मायच्या लुगड्यावर तसाच होता. सेक्रेटरीसाहेबांनी ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मायनं सगळं सांगितलं. पंखा कोणाचा, खुर्च्या कोणाच्या, गहू कोणाचे, तूप कोणाचं. कॅलेंडरच्या मागची ओलसुद्धा सांगितली. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गिरजाबाई, त्या दिवशी मी विचारलं तेव्हा घरचा आहे म्हणालात. आज म्हणता शेजारचा आहे. आम्ही कोणतं खरं धरायचं? उद्या सगळेच असं म्हणायला लागले तर?" मायनं समोरचं पाणी पिऊन टाकलं, कारण कोणी दिलेल्या पाण्याला नाही म्हणायचं नसतं. परत येताना पुलावर ती थांबली. नदीत तेव्हा पाणी असं नव्हतंच, नुसता गाळ. "म्या माह्या तोंडानं म्हनलं व, लते," ती म्हणाली. "कोनी म्हनाले लावलं नोतं." घरी आल्यावर खाला म्हणाली, पंखा डोक्यावर घेऊन मी येते आणि त्या साहेबाच्या टेबलावरच ठेवते. माय म्हणाली, "नोको माय. एकदा झूट ठरली मी. आता किती जनाले घेऊन जाऊ?"

सुमन रडली नाही. ती पांढरी ओढणी तिनं धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मायसोबत पायरीवर बसायला लागली. लोकांना ती शहाणी वाटली. मला तिचा राग आला होता. तिनं आदळआपट करावी, एखादा माठ फोडावा, असं मला फार वाटायचं. वर्षभरात मोर्शीहून स्थळ आलं. मुलगा वयानं बराच मोठा, संत्र्यांच्या मंडीत माल निवडायच्या कामावर. आणि काय सांगू, पाहायला आले त्या दिवशी त्याच खुर्च्या, तोच पलंगपोस, त्याच सोनेरी काठाच्या कपबश्या, तोच पंखा. मायनं मांडेही केले. या पाहुण्यांना मात्र ते सगळं पाहून घर पसंत पडलं. सुमन सासरी गेली, आणि तिनंही मंडीत संत्री निवडायला सुरुवात केली. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, डागी तिसरीकडे. पुढं तिची सासू अंथरुणाला खिळली ती बरीच वर्षं जगली. मोर्शीची माणसं सांगायची, म्हातारीच्या पाठीला सुनेनं एक जखम होऊ दिली नाही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा हेडबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, आणखी एकदा करून बघू. मला वाटलं माय हाकलून देईल. तिनं फक्त विचारलं, "कवा येतीन?"

त्या दिवशी सकाळी माय ट्रंक ओढत खालाच्या दारात गेली. मग आमची पितळी ताटं, तांब्याचा गुंड, भिंतीवरचा आरसा, बाबांचा कोट. घरात जे जे काही आमचं स्वतःचं होतं ते सगळं भिंतीपलीकडे गेलं. खाला हातात आमची ताटं घेऊन उभी होती आणि रडत होती. "अगे, ये तो तेरा खुद का है, गिरजा. ये कायकू छुपाती?" मला मायनं शिवण उसवलेला झगा घालायला लावला. ओली गोणपाटं मुद्दाम घराच्या मधोमध अंथरली. कॅलेंडर काढलं. एक माठ तेवढा राहिला, कारण तो भरलेला होता आणि हलवता येत नव्हता.

मे महिना होता. तेच सेक्रेटरीसाहेब आले, सोबत एक तरुण मास्तर. साहेब आता आणखी जाड झाले होते. ते गोणपाटावर बसले, रुमालानं मान पुसली, कपाळ पुसलं, रुमाल पिळून पुन्हा पुसलं. त्यांनी माठाकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. माय माठाला टेकून उभी होती, एक हात झाकणावर, नजर जमिनीवर. आमच्या दारातून त्याआधी पाण्यावाचून कोणी गेलेलं नव्हतं. भाडं मागायला येणारा घरमालक भांडायच्या आधी आमच्याकडचं पाणी प्यायचा. मी उठायला गेले तर मायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसले.

"तुमच्याकडे तो पंखा होता ना?" साहेबांनी विचारलं.

माय म्हणाली, "इकला जी."

साहेबांनी मान हलवली. त्यांचे डोळे खरोखर पाणावले. ज्या बाईनं तीन वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर बसून खरं सांगितलं तिच्यावर त्यांना विश्वास ठेवता आला नाही, आणि जो पंखा आमचा कधीच नव्हता तो विकला म्हटल्यावर त्यांना सगळं पटलं. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि वाकून दाराबाहेर पडले. त्यांची पाठ वळताच माय लोटा घेऊन माठात बुडवायला गेली. भरलेला लोटा घेऊन ती दारात आली तोवर ते दोघं गल्लीच्या टोकाशी पोचले होते. हाक मारायची सोय नव्हती. तिथंच उंबऱ्यावर ती लोटा धरून उभी राहिली, आणि मग ते पाणी तिनं पायाशी पडलेल्या वाळक्या झेंडूवर ओतलं. मला मदत मिळाली.

मी अमरावतीला नर्स झाले. संस्थेचं म्हणणं खोटं नव्हतं. लेकरू कमवायला लागलं आणि घर वर आलं. मी खोली घेतली, मायला आणलं, पहिल्या उन्हाळ्यात छताचा पंखा लावला. संस्थेनं एकदा आम्हा शिकलेल्या पोरांचा सत्कार ठेवला, तेव्हा मी मायला म्हटलं, चल. तिनं विचारलं, "सुमीले बलावलं का त्यायनं?" मी नाही म्हटल्यावर ती कूस बदलून झोपली. मी एकटी गेले, हार घालून घेतला, भाषणही केलं. हार कागदी फुलांचा होता, एवढंच मायला येऊन सांगितलं.

आता निवृत्त झाल्यावर मलाच अशा एका संस्थेची पोरं घरं पाहायला सोबत नेतात. अमरावतीच्या वस्त्यांमधून आम्ही हिंडतो. पोरं चांगली आहेत, शिकलेली आहेत, मोबाइलवर घराचे फोटो घेतात आणि भराभर ठरवून टाकतात. मी घरात शिरले की आधी पाणी मागते. मग खुर्चीवर हात ठेवून घरच्या बाईला हळूच विचारते, "कोनाच्या घरून आनली व?" बहुतेक बाया आधी दचकतात, मग हसतात. परवा एका घरात टीव्हीवर कापड टाकून तो लपवलेला दिसला. कोणाला काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे गरिबाला अजून समजलेलं नाही, कारण देणारे दरवेळी वेगळं पाहतात. मी त्या पोरांना म्हटलं, कापड राहू द्या, उचलू नका. त्यांना काही कळलं नाही, पण ती माझं ऐकतात.

माय गेली ती माझ्याच घरी. शेवटचा महिना ती अंथरुणावर होती आणि सुमन मोर्शीहून येऊन राहिली. तिच्या बोटांच्या पेरांत संत्र्याच्या सालीचा पिवळेपणा कायमचा बसला होता, कितीही धुतले तरी हातांना तो वास यायचा. सलाइन, इंजेक्शन, औषधं हे माझं काम. बाकी सगळं तिचं. दर थोड्या वेळानं ती मायला कुशीवर वळवायची. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि मायला कळायच्या आत माय वळलेली असायची. माझ्या हाताखाली शिकाऊ पोरींच्या किती तुकड्या तयार झाल्या, त्यातल्या एकीलाही मी इतक्या अलगद कूस बदलायला शिकवू शकले नाही. मी एकदा तसं म्हटलं तर सुमन म्हणाली, "तुले फुरसतच कुठी होती व."

त्या दुपारी ऊन मरणाचं होतं आणि वर पंखा फिरत होता. मायला दोन दिवस नीट शुद्ध नव्हती. ती एकदम डोळे उघडून दाराकडे पाहायला लागली.

"थो साहेब बसला व," ती म्हणाली. "घामानं निथळून राह्यला. पानी इचारलं का त्याले?"

मी म्हणाले, "माय, इथं कोणी नाही गं." नर्सची सवय, पेशंटला भ्रमात ठेवायचं नाही. मायचा चेहरा कसनुसा झाला, ती उठायची धडपड करायला लागली.

सुमन माझ्यापुढून वाकली. "देल्लं, माय. माठातलं देल्लं. दोन गिलास पेले साहेब."

माय जराशी सैल पडली. "आन् पंखा? कोनाचा म्हनलं म्या?"

"खालाचा म्हनलं ना तू. खरंखरं सांगतलं सारं."

मायचे ओठ कोरडे पडले होते. तिनं इतक्या हळू विचारलं की मला पुढं सरकावं लागलं. "मंग? निवडलं का त्यायनं तुले?"

मी खिडकीकडे तोंड केलं. मागून सुमनच्या बांगड्या वाजल्या. ती मायच्या अंगाखाली हात घालत होती.

"निवडलं ना व," सुमन म्हणाली. "मी सिस्टर झाली, माय. पाह्य, तुह्या पाठीले एक जखम नाई." आणि तिनं मायला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं.